नाव घेण्याचं कलम

सभेच्या दिवशी सकाळी जुमादिल सफरचंदांची पेटी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा आल्माकान चहात दूध घालत होती आणि तिची सून अकमारल तिच्याकडे पाठ करून पिठाचे तुकडे तळत होती. चार दिवस हे असंच चाललं होतं. घरात भांडण नव्हतं, कोणाचा आवाज चढला नव्हता, कपबशासुद्धा जोरात आपटल्या नव्हत्या. फक्त सासू-सून एकमेकींच्या नजरेला नजर देत नव्हत्या.

जुमादिल हा आल्माकानचा धाकटा दीर. बाजारगावातल्या मोठ्या शाळेचा मुख्याध्यापक आणि खोऱ्याच्या मुख्याध्यापक संघाचा सचिव. संघाच्या वार्षिक सभेला सफरचंदं दरवर्षी त्याच्या बागेतली, आणि पेटी उतरवताना होणारी थट्टाही दरवर्षीची. त्याने एक लालबुंद फळ उचलून अकमारलच्या नाकासमोर धरलं.

"सूनबाई, हे काय आहे गं?"

"फांदीवरचं," अकमारल म्हणाली.

"जर्दाळूही फांदीवरच असतं."

"फांदीवरचं लाल."

"गाल तुझेपण लालच आहेत. नीट सांग की."

आमच्यात सफरचंदाला आल्मा म्हणतात. सासूचं नाव आल्माकान. सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही, आणि त्या नावात एखादा रोजचा शब्द दडलेला असला तर तोही जिभेवर येऊ देत नाही. अकमारलला या घरात येऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून बाजारात ती बोटाने दाखवून सफरचंदं घ्यायची. तिच्या शाळेतल्या पहिलीच्या तक्त्यावर 'आ'च्या खाली आल्माचं चित्र होतं, तिथे तिने स्वतः दाढीवाला आता, म्हणजे वडील, काढून चिकटवला होता. मुलं त्याला सफरचंद-बाबा म्हणत.

एरवी या थट्टेवर सगळं घर हसायचं. आज एकटा रिस्बेक, अकमारलचा नवरा, हसला, आणि दोघींची तोंडं बघून त्यानेही चहात तोंड घातलं.

"बरं, वहिनी," जुमादिल बसत म्हणाला, "मी कार्यक्रमपत्रिका आटोपशीर ठेवलीय. अहवाल, कोळसा, छपरं, जेवण. पत्राचा विषयच नाही. दोनपर्यंत मोकळे."

"ऐनवेळचे विषय असतात, काका," अकमारल म्हणाली. तिने अजून मागे वळून पाहिलं नव्हतं.

जुमादिलने कप खाली ठेवला. रिस्बेक उठून पेटी गाडीत ठेवायला निघाला, कारण या घरातल्या पुरुषांना अशा वेळी नेहमी काहीतरी उचलायचं असतं. जुमादिलही त्याच्या मागोमाग गेला.

आता चुलीपाशी दोघीच राहिल्या.

"मला विचारलं असतंत तर?" अकमारलने विचारलं.

"तुला विचारलं असतं तर सगळं खोरं म्हणालं असतं, बाईने सुनेची शाळा वाचवली."

"म्हणून बुडवलीत."

"नऊ शाळा आहेत, पोरी. तुझी त्यातली एक. मंत्रालयवाले नवाच्या नऊ बंद करणार होते. मला म्हणाले, शुक्रवारपर्यंत संघाचं संमतीपत्र द्या, तर निदान मोठ्या शाळांच्या शाखा म्हणून चालू ठेवू. मी दिलं. शाखा तर शाखा, मुलं गावात तरी शिकतील."

"शाखेला मुख्याध्यापक नसतो. संघात मत नसतं. उद्या शाखा बंद करायची म्हटली तर उठून बोलणारं कोणी नसेल." अकमारलने कढई खाली घेतली. "तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही, आपा. बरोबरही असेल. पण ते सभेने ठरवायचं होतं. पत्रावर नाव संघाचं आणि मन एकट्या तुमचं. मी ते मागे घ्यायचा ठराव मांडणार आहे."

आल्माकानने डोक्यावरचा रुमाल पदरासारखा कानामागे सारला. आठ वर्षं ती अध्यक्ष होती. संघाची घटना तिला तोंडपाठ होती, आणि आपल्या सुनेलाही ती तोंडपाठ आहे याचा तिला एरवी अभिमान वाटायचा.

"सतरावं कलम माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"उभं राहून. पूर्ण नाव घेऊन."

"माहीत आहे, आपा," अकमारल म्हणाली.

*

सभागृहाबाहेरच्या मार्गिकेत रिस्बेकने चहाचा समोवार मांडला. तो मुख्याध्यापक नव्हता, आईच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा, त्यामुळे सभेत त्याला जागा होती ती चहापाशी. भिंतीवर आजोबांचा फोटो होता, इशेनआली, संघाचा संस्थापक. कपाळाला आठ्या, छातीवर पदकं, आणि नजर अशी की गृहपाठ न केलेला माणूस आजही त्या फोटोखालून भरभर जातो.

फोटोखालच्या बाकावर सातिबाल्दी आगाय, म्हणजे सातिबाल्दी गुरुजी, बसले होते. वय एकोणऐंशी. वरच्या खिंडीतल्या शाळेचे मुख्याध्यापक, कारण त्या खिंडीत दुसरं कोणी जायला तयार नाही.

"बायको आज उठणार म्हणे तुझी," ते म्हणाले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुझ्या काकाने. तो सकाळपासून सगळ्यांना सांगतोय, कुजबुजत. कुजबुजला की त्याचा आवाज दुप्पट होतो."

रिस्बेकने वळून पाहिलं. मार्गिकेच्या टोकाला जुमादिल अकमारलला गाठून उभा होता, आणि खरंच, त्याची कुजबुज इथवर येत होती. "तू ऊठ, सूनबाई. मोठ्या शाळांची सात मतं माझ्याकडे आहेत. काळजी करू नकोस." घरी पत्राचा विषय दडपणारा हाच माणूस. रिस्बेकला कोडं पडलं, आणि मग लगेच सुटलं. अधिकाराबाहेर सही केली असं सभेने ठरवलं तर अध्यक्षाला त्याच क्षणी खुर्ची सोडावी लागते, आणि नव्या निवडणुकीपर्यंत तिथे बसतो सचिव.

"हे कलम आजोबांनी कशाला घातलं, आगाय? आमच्या घराच्या मुळावर?"

"तुझ्या पणजोबाला पकडून नेलं ते एका निनावी पत्रावरून," सातिबाल्दी म्हणाले. "शाळामास्तर होता. कोणी लिहिलं, शेवटपर्यंत कळलं नाही. तुझे आजोबा आयुष्यभर गावातल्या प्रत्येकाचं हस्ताक्षर बघत फिरले. संघ काढायला आम्ही अकरा जण जमलो तेव्हा पगार नव्हते, खडू नव्हते, आणि या माणसाने सगळ्यात आधी काय लिहिलं, तर हे. कोणावर बोट ठेवायचं असेल तर उभं राहा, त्याचं पूर्ण नाव तोंडाने घे, तो समोर असताना घे. कागद चालणार नाही. माझ्याविरुद्ध असलं तरी हेच, म्हणाले."

"आणि सुनांचं काय?"

"सुना मुख्याध्यापक होतील हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं." म्हातारा जरा थांबला. "पुढे आलं. तुझ्या आईला विचार कधीतरी."

अकमारल चहा घ्यायला आली. रिस्बेक दोन दिवस तिला गप्प बस म्हणून सांगत होता. आताही तेच सांगायला त्याने तोंड उघडलं होतं, पण त्याने नुसता तिचा कप भरून तिच्या हातात दिला.

"जमेल?"

"काल नदीवर जाऊन करून बघितलं," ती म्हणाली. "तिथेपण नाही जमलं. पाण्यासमोर."

*

त्रेचाळीस शाळांपैकी अडतीस जण आले होते. कोरम झाला. बाराशे मुलांची शाळा असो नाहीतर चौदांची, प्रत्येक शाळेला एक मत, हेही इशेनआलीचंच लिहिलेलं. मंचावर लांब टेबल, त्यावर पांढरी चादर, सफरचंदांची परात, आणि मधोमध आल्माकान. अहवाल झाला, कोळसा झाला, छपरांवर दोघांची जुंपली आणि मिटली. मग तिने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "ऐनवेळचा काही विषय?"

अकमारल उभी राहिली.

उभं राहणं सोपं होतं. तिने आपल्या तेरेक-सूच्या शाळेतल्या एकोणीस मुलांबद्दल सांगितलं, तेही सोपं होतं. हिवाळ्यात मोठ्या शाळेचा रस्ता तीन-तीन आठवडे बंद असतो. गेल्या वर्षी तिने छताची गळती कळवली तेव्हा आठ दिवसांत माणूस आला, कारण कागदावर मुख्याध्यापकाची सही होती. शाखेच्या वतीने सही कोण करणार? माना हलल्या. तिला वाटलं, होतंय.

"म्हणून मी ठराव मांडते," ती म्हणाली, "की मंत्रालयाला गेलेलं संमतीपत्र सभेला न विचारता पाठवलं गेलं, ते मागे घ्यावं. ते पाठवणाऱ्या अध्यक्ष…"

आणि घोडं तिथेच अडलं.

भीती नव्हती तिला. हे सभेला बसलेल्या आम्हा सगळ्या मुख्याध्यापकांना दिसत होतं, आणि म्हणूनच बघवत नव्हतं. तिने ओठ उघडले, जीभ टाळूला लागली, आणि पुढे काही आलंच नाही. अकरा वर्षं ज्या शब्दाला ती वळसा घालून गेली होती तो आता समोर आडवा पडला होता. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात याच बाईने तिच्या तापलेल्या कपाळावर रात्रंदिवस पट्ट्या ठेवल्या होत्या. शिकणं सोडू नकोस म्हणून पाळणा स्वतः हलवला होता.

"अध्यक्ष," ती पुन्हा म्हणाली. "आमच्या अध्यक्ष…"

"नाव," मागून कोणीतरी म्हणालं, हळूच, जणू तिला विसर पडलाय.

जुमादिल अर्धवट उठला. "वहिनी, पोरीची अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. तिने कागदावर लिहून द्यावं, मी वाचतो. सोपं आहे."

"कागदावर नाही," आल्माकान म्हणाली.

"अहो, पण…"

"बस, जुमादिल. या सभागृहात कागदावरचं नाव चालत नाही. तुझ्या वडिलांनी लिहिलंय, आणि का लिहिलंय ते तुला माझ्याहून जास्त माहीत आहे."

जुमादिल बसला. अकमारलच्या डोळ्यांत पाणी आलं. नाव घेतलं नाही तर ठराव पडतो. मग नऊ शाळा गेल्या, आणि त्याला कारण कोण, तर तिची जीभ.

*

आल्माकान आपल्या सुनेकडे बघत होती आणि तिला तिथे दुसरीच एक बाई दिसत होती.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी ती याच सभागृहात, तिसऱ्या रांगेत, अशीच उभी राहिली होती. तेव्हा टेबलाच्या मागे सासरे होते. घटनेत दोनच मुदती लिहिलेल्या, आणि लिहिणारा स्वतः तिसऱ्यांदा उभा राहत होता. सगळ्यांना कळत होतं, सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. ती उठली. इशेन म्हणजे विश्वास ठेव, आणि सासऱ्यांच्या नावात तो असल्यामुळे तिने तो शब्दच कित्येक वर्षं उच्चारला नव्हता. वर्गातल्या मुलांना ती म्हणायची, मनात धरा. ती उभी राहिली, मिनिटभर राहिली, सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि काहीही मदत केली नाही. मग ती खाली बसली. इतिवृत्तात एक ओळ आहे, 'हरकत नाही'. त्या तिसऱ्या मुदतीत वरच्या गावातली कोक-बेलची शाळा बंद झाली आणि संघाने चकार शब्द काढला नाही. अकरा मुलं होती तिथे. त्यातल्या तीन मुली पुन्हा कुठल्याच शाळेत गेल्या नाहीत. त्यांची नावं तिला अजून पाठ होती, आणि ती तिला कधीही घेता आली असती.

पत्र बरोबर होतं असं तिला अजूनही वाटत होतं. नऊ मिनिटांपूर्वी वाटत होतं तितकंच. पोरगी खाली बसली की पत्र राहणार होतं, खुर्चीही राहणार होती. तिने फक्त घड्याळाकडे बघून वेळ संपली म्हणायचं होतं.

तिने परातीतून एक सफरचंद उचललं. खुर्चीवरून उठली, मंचाच्या कडेपर्यंत आली आणि पहिलीच्या वर्गात धरतात तसं ते फळ हात लांब करून वर धरलं.

"हे काय आहे?"

सकाळची थट्टा माहीत असलेला जुमादिल तोंड उघडं टाकून बघत राहिला. दारात रिस्बेकच्या हातातला कप तिरका होऊन चहा बुटावर सांडत होता, आणि त्याला पत्ता नव्हता.

"काय आहे हे, मुली?" आल्माकानने पुन्हा विचारलं. चाळीस वर्षं हजारो मुलांना विचारलेला आवाज होता तो. त्यात राग नव्हता, घाई नव्हती. उत्तर येईपर्यंत हा हात खाली होणार नाही, एवढं मात्र त्यात होतं.

"आल…" अकमारल म्हणाली.

"पूर्ण शब्द."

"आल्मा."

"शाब्बास. आता पुढे."

"आल्मा… आल्माकान."

"वडिलांचं नाव राहिलं."

अकमारलने डोळे पुसले, खांदे सरळ केले आणि आपल्या सासूच्या डोळ्यांत बघून ती स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाली, "आल्माकान सागिम्बायेव्हना यांनी सभेला न विचारता संघाच्या नावाने सही केली. ते पत्र मागे घ्यावं असा माझा ठराव आहे."

आल्माकानने सफरचंद खाली घेतलं. खाली उतरून तिने ते सुनेच्या हातात दिलं, पुन्हा वर जाऊन आपल्या जागी बसली आणि चष्मा लावला. "ठराव रीतसर आला आहे," ती म्हणाली. "सचिव, लिहून घ्या. अनुमोदन?"

सातिबाल्दी आगाय उठत होते. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला. मी जन्मभर सभा बघितल्या आहेत, खुर्च्या मोडल्याही बघितल्या आहेत. आपल्याच विरुद्धचा शब्द समोरच्याच्या तोंडी असा बोटाला धरून आणून देणारी अध्यक्ष मी पुन्हा पाहिली नाही. माझ्या शेजारी बसलेल्या, छपरांवरून भांडलेल्या दोघांनीही टोप्या काढल्या होत्या.

मतदान हात वर करून झालं. बाजूने बावीस, विरुद्ध सोळा. विरुद्ध हात वर करणाऱ्यांत आल्माकानही होती. तिच्या शाळेचं एक मत होतं, ते तिने पत्राच्या बाजूने दिलं, मोजून घेतलं, निकाल स्वतःच वाचून दाखवला आणि मग खुर्ची मागे सरकवून पहिल्या रांगेत जाऊन बसली. टाळ्या वाजल्या नाहीत. वाजवाव्यात असं कोणाला सुचलंच नाही.

जुमादिल त्या खुर्चीत बसला खरा, पण टोकावर. इतक्या वर्षांची इच्छा पुरी झालेला माणूस इतका अवघडलेला आम्ही पाहिला नव्हता. घसा साफ करून तो म्हणाला, "आता राजधानीत, बिश्केकला, शिष्टमंडळ न्यायला हवं. पत्र मागे घ्यायचं, आणि नऊ शाळांची बाजू मांडायची. तीन नावं द्या."

सातिबाल्दी आगायचं नाव आलं. अकमारलचं आलं. तिसऱ्या नावापाशी सगळे एकमेकांकडे बघू लागले. अकमारल पुन्हा उभी राहिली.

"आल्माकान सागिम्बायेव्हना," ती म्हणाली. या वेळी एका दमात.

आल्माकान मागे न वळता म्हणाली, "मी ठरावाविरुद्ध मत दिलंय, बाई."

"दिलंत. पण ठराव झाल्यावर तो सगळ्यांचा. नववं कलम."

"पत्र मी दिलं, आणि परत मागायला मीच जाऊ? काय तोंडाने?"

"तुम्हाला तिथलं प्रत्येक दार माहीत आहे. आम्हाला जिनासुद्धा माहीत नाही."

आल्माकानने रुमाल पुन्हा कानामागे सारला. मग तिने हात वर केला, आपल्याच नावाच्या बाजूने, आणि जुमादिलने घाईघाईने अडतीस लिहिलं.

*

दुपारी दोनला सगळे बाहेर पडले. डोंगरावर ऊन होतं, अंगणात गाड्या वळत होत्या. रिस्बेक रिकामी पेटी डिकीत टाकत होता. आई आणि बायको एकमेकींपासून चार हात अंतर ठेवून येताना दिसल्या. घरी आता काय होणार, कोण कोणाशी बोलणार, काही अंदाज नव्हता. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने अकमारलच्या मुठीकडे बोट दाखवलं.

"काय आहे हातात?"

अकमारल थांबली. सफरचंद तिने दोन तास धरून ठेवलं होतं, ते ऊबदार झालं होतं. तिने ते पदराआड केल्यासारखं शालीखाली घेतलं आणि मान खाली घातली.

"फांदीवरचं," ती म्हणाली.

आल्माकानने वळून तिच्याकडे पाहिलं, आणि सासू-सून म्हणून चार दिवसांत पहिल्यांदा दोघींची नजर एकमेकींवर ठरली. "चल," सासू म्हणाली आणि गाडीत आपल्या शेजारची जागा हाताने झटकली. "वाटेत अर्धं मला दे."